पत्र्यावरचे दगड

दोस्तांनो,

या अंकाचं संपादकीय छपरावर आहे. काही जण म्हणतील, घसरला गडी. क्रांती सोडून पत्रे मोजायला लागला. म्हणू द्या. डोक्यात काय असावं यावर आपण दहा वर्षं परिसंवाद घेऊ शकतो. डोक्यावर काय आहे, त्याचा हिशेब कुणी घेत नाही. तो हिशेब आज घ्यायचा आहे. आकड्यांनी.

गाव माझं मुक्ताईनगर तालुक्यातलं. जुनी माणसं अजून एदलाबादच म्हणतात. तापी-पूर्णेचा संगम, चांगदेवाचं देऊळ, कोथळीला मुक्ताई. ज्या मुलीने ताटीचे अभंग म्हटले तिचं नाव तालुक्याला मिळालं. ताटी म्हणजे काय ते शहरातल्या दोस्तांना सांगतो. काड्या, कामट्या विणून केलेलं झोपडीचं दार. साहित्याच्या वर्गात ताटी म्हणजे प्रतीक. आमच्या वस्तीत ती अजून दाराला आहे, न्हाणीला आहे, आणि तिच्यावर जे असतं त्याला छप्पर म्हणायचं की नाही हा सवाल आहे.

या भागातल्या कुठल्याही गावात शिरा. आधी स्लॅबची घरं. मग जुनी धाब्याची, जाड मातीची. केळीवाल्यांचे नवे बंगले रस्त्याला. शेवटी आपली वस्ती. ओळखायला पाटी लागत नाही. पत्र्यावर दगड दिसले की समजायचं, आपण आपल्यात आलो. दगड, फुटके टायर, माती भरलेल्या खताच्या गोण्या, मोडक्या जात्याचं तळ. पाहुणा विचारतो, हे वर कशाला ठेवलं? कारण स्क्रूला पैसे नव्हते. दगड फुकट मिळतो. या देशात आपल्याला फुकट मिळालेली ती एकच बांधकामाची वस्तू.

आता वादळाची गोष्ट. खानदेशात मे-जूनमध्ये, मुक्ताईची पालखी पंढरीकडे निघायच्या आगेमागे, वादळ सुटतं. केळी आडवी होते, पत्रे उडतात. लोक म्हणतात वाऱ्याने पत्रा उचलला. म्हणतात ते खरंच आहे. वारा छपरावरून जोरात जातो तेव्हा पत्र्याच्या वरचा दाब कमी होतो, आणि दारा-खिडकीतून आत घुसलेला वारा खालून ढकलतो. पत्रा दबत नाही, ओढला जातो. सगळ्यात जास्त ओढ कडांना आणि कोपऱ्यांना. तिथे स्क्रू दाट पाहिजेत, पाईप भिंतीत पक्का पाहिजे. दगडाचा त्या ओढीपुढे काही जोर चालत नाही. पत्रा उठला की तोच दगड खाली झोपलेल्या पोरावर येतो. म्हणजे ४-५ रुपयांचा स्क्रू नाही म्हणून आपण आपल्याच डोक्यावर धोंडा ठेवून झोपतो. रोज. शांतपणे.

ही गरिबी आहे, जातीचा काय संबंध, असं म्हणणारे भेटतात. त्यांच्यासाठी एक पुरावा. बाबासाहेबांचं 'अनटचेबल्स ऑर द चिल्ड्रन ऑफ इंडियाज घेटो' हे लिखाण त्यांच्या हयातीत छापलं गेलं नाही. १९८९ साली महाराष्ट्र सरकारने त्यांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या ५ व्या खंडात छापलं. त्यात गावाने अस्पृश्यासाठी गुन्हा ठरवलेल्या गोष्टींची यादी आहे. स्वच्छ कपडे घालणं गुन्हा. सोनं अंगावर घालणं गुन्हा. घोड्यावर बसणं गुन्हा. आणि त्याच यादीत, कौलारू छपराचं घर बांधणं गुन्हा.

नीट बघा. भिंतीबद्दल नाही, छपराबद्दल. कारण छप्पर लांबून दिसतं. पाटलाला वाड्याच्या माडीवरून दिसतं. कौल चढलं की या माणसाला पावसाची भीती राहिली नाही हे कळतं. आणि ज्याला पावसाची भीती राहिली नाही तो उद्या माणसाला तरी कशाला भिईल? म्हणून आमच्या डोक्यावर गवतच पाहिजे होतं. गवताला आणखी एक सोय. ते काडीने पेटतं. १९७८ साली मराठवाड्यात विद्यापीठाच्या नामांतरावरून आमच्या वस्त्या पेटवल्या तेव्हा ही सोय कामाला आली.

आज तो कायदा नाही. कौल घाला, पत्रा घाला, स्लॅब टाका, संविधानाने कुणी अडवत नाही. मनाईची जागा किमतीने घेतली आहे. म्हणून किमतीचा अभ्यास आपल्याला करायचा आहे. जसा पूर्वी मनाईचा केला.

मायच्या घराचा कागद माझ्यापुढे आहे. एकच खोली, १७ फूट बाय १६ फूट, म्हणजे २७२ चौरस फूट. गेल्या वादळात पत्रे गेले. माय फोनवर एवढंच म्हणाली, "बापू, वरतं आभाय दिसते." मी गोदीतून सुट्टी टाकून गेलो. हिशेब मीच लिहिला आहे. दर गावोगाव वेगळे असतात, महिन्याला बदलतात. पण रीत बदलत नाही, ती शिकून घ्या.

पहिली गोष्ट. खोली २७२ फूट म्हणजे पत्रा २७२ फूट नव्हे. पुढे-मागे फूटभर छप्पर भिंतीबाहेर पाहिजे, नाहीतर भिंत भिजते. पत्र्यावर पत्रा चढवावा लागतो, नाहीतर सांध्यातून पाणी. साडेतीन फूट रुंदीचा पत्रा झाकतो सव्वातीन फुटाच्या आतच. असं करत १० फुटी १२ पत्रे लागले. म्हणजे ४२० फूट. २७२ ची खोली झाकायला ४२०. दुकानदार हे आधी सांगत नाही. गाडी भरताना सांगतो.

पत्रे १२, नगाला १,२५० प्रमाणे १५,००० रुपये. खालचे लोखंडी पाईप ८,६००. स्क्रू २५०, त्यांचे १,१००. गाडीभाडं १,२००. भिंतीचा माथा सिमेंटने बांधून पाईप त्यात धरायचे २,०००. वेल्डर आणि त्याच्या पोऱ्याची दोन दिवसांची मजुरी ६,०००. एकूण ३३,९००.

दुसरी गोष्ट. लोक पत्र्याचा भाव विचारतात आणि तोच छपराचा खर्च समजतात. १५ हजार समजून कर्ज काढतात. पत्रा म्हणजे खर्चाचा निम्माही नाही. उरलेल्याला पैसे पुरत नाहीत, मग पाईपाच्या जागी जुने वाळवी लागलेले वासे, वेल्डरच्या जागी चुलता, आणि स्क्रूच्या जागी? दगड. वस्तीतले दगड वर कसे चढले ते कळलं का आता?

माय निंदणीला जाते. ३०० रुपये रोज. ३३,९०० म्हणजे ११३ रोज. ११३ दिवस न खाता, न आजारी पडता, कामाला खाडा न करता. आणि निंदणी वर्षात सलग ११३ दिवस असते तरी कुठे?

आता सरकारकडे वळू. २०२२-२३ ते २०२५-२६ या वर्षांसाठी केंद्राने आपत्तीच्या मदतीचे निकष ठरवले. घर पूर्ण पडलं तर सपाट मुलखात १,२०,००० रुपये. अंशतः पडलं, म्हणजे किमान १५ टक्के नुकसान झालं, तर पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्या घराला ४,०००. झोपडी पडली तर ८,०००. मायच्या भिंती उभ्या होत्या. छप्पर सगळं गेलं, पण पंचनाम्यात घर "अंशतः". भिंती आहेत ना? मग अंशतः. माणसाचं डोकं गेलं आणि धड शिल्लक असलं तर तोही अंशतः मेला म्हणायचा!

४,००० मिळाले. ४,००० मध्ये ३ पत्रे येतात. लागतात १२.

खरा खेळ इथे संपत नाही. मी ते बिल रात्री पुन्हा मांडलं. पत्रा, पाईप, स्क्रू मिळून २४,७००. या तिन्हींवर जीएसटी १८ टक्के, किमतीतच धरलेला. २४,७०० मधून कर वेगळा काढला तर होतात ३,७६८ रुपये. म्हणजे सरकारने एका हाताने मायला ४,००० दिले आणि दुसऱ्या हाताने तिच्याच छपरावरून ३,७६८ घेतले. उरले २३२. शासनाने आपद्ग्रस्त बौद्ध बाईला केलेली निव्वळ मदत २३२ रुपये. यात तालुक्याला मारलेल्या चकरांचं भाडं धरलेलं नाही.

जळगाव ही सोन्याची बाजारपेठ. मुंबई-पुण्याची माणसं तिथे सोनं घ्यायला येतात. सोन्यावर जीएसटी ३ टक्के. पत्र्यावर १८. सिमेंटवर तर २०२५ च्या सप्टेंबरपर्यंत २८ होता, आता १८ केला. गळ्यात घालायच्या धातूला ३, डोक्यावर घालायच्या धातूला १८. बाबासाहेबांच्या यादीत सोनं आणि कौलारू छप्पर दोन्ही शेजारी होते. नव्या यादीत सोनं घेणाऱ्याला सूट आहे, छप्पर घेणाऱ्याला दंड.

आता कुणीतरी म्हणेल, घरकुल घ्या ना. घेऊ. पण आत जायचं दार बघा. २०११ च्या जनगणनेने गवत, बांबू, माती, प्लॅस्टिक यांचं छप्पर कच्चं धरलं. लोखंडी पत्रा आणि अ‍ॅस्बेस्टॉस पक्क्यात टाकलं. त्याच साली सुरू झालेल्या सामाजिक-आर्थिक जातगणनेवर २०१६ ची प्रधानमंत्री आवास योजना उभी केली. घर नसलेले, किंवा दोन खोल्यांपर्यंतचं घर, भिंत कच्ची आणि छप्परही कच्चं, त्यांचंच नाव. म्हणजे मातीच्या भिंतीवर ज्याने पोटाला चिमटा काढून पत्रा चढवला, तो कागदावर वर चढला आणि यादीतून खाली पडला. पुढे २०१८ मध्ये सुटलेली नावं घ्यायला पुन्हा पाहणी झाली, काही आले, काही अजून रांगेत आहेत. पत्र्याला पक्का म्हणणाऱ्या अधिकाऱ्याने मे महिन्यात भुसावळच्या बाजूला, पारा ४५ च्या वर असताना, दुपारी दोन वाजता त्या पक्क्या छपराखाली एक तास बसून दाखवावं. आम्ही त्याला पाणी देऊ. आमचं पाणी चालत असेल तर.

घरकुल मिळालं तरी छपराचं गणित सुटत नाही. योजनेचा आकडा २०१६ साली सपाट मुलखाला १,२०,००० ठरला. लोखंड, विटा, मजुरी वाढत गेली, केंद्राचा आकडा तिथेच. २०२५ मध्ये राज्याने ५०,००० ची भर जाहीर केली, त्यातले १५,००० सौर पॅनेलसाठी. त्याच वर्षीच्या वाळू धोरणात घरकुलवाल्याला ५ ब्रासपर्यंत वाळू मोफत असं लिहिलं. लिहिलेलं चांगलं आहे. ट्रॅक्टरवाला ते वाचत नाही.

स्लॅबचं ओझं बघा. योजनेचं किमान घर २५ चौरस मीटर, आपल्या भाषेत २६९ फूट. तेवढ्यावर चार इंची स्लॅब टाकायचा म्हणजे अडीच घनमीटर काँक्रीट. सिमेंटच्या साधारण २० गोण्या, सळई २०० किलोच्या आसपास, आणि वजन ६ टनांच्या वर. पत्र्याच्या छपराचं वजन याच्या मानाने अगदीच कमी. मातीची भिंत ६ टन पेलत नाही. म्हणून स्लॅब पाहिजे तर पाया नवा, भिंत नवी, खांब नवे. छप्पर बदलणं म्हणजे घर बदलणं. आणि घर बांधताना छप्पर सगळ्यात शेवटी येतं. हप्ते पायाला संपतात, भिंतीला संपतात, खिडकीच्या वर घर थांबतं. गावोगाव अशी अर्धी घरं उभी आहेत. वर निळी ताडपत्री. रमाईच्या नावाची योजना असो की पंतप्रधानांच्या, पाऊस नाव विचारून पडत नाही.

मग जुनं धाबं चांगलं होतं का? उन्हाळ्यात थंड, हे खरं. पण दरवर्षी पावसाआधी वर नवी माती लागते, थर चढत जातात, खालचे सर वाळवी खाते. लातूर-उस्मानाबादकडे अशाच घरांना माळवद म्हणत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या भिंती आणि त्या मातीच्या छपरांखाली हजारो माणसं झोपेत गाडली गेली. जुनं म्हणून त्याची आरती करायचं कारण नाही.

आणि सिमेंटचा पत्रा? स्वस्त पडतो, आवाज कमी, म्हणून आपले लोक घेतात. त्यात बहुतेक वेळा अ‍ॅस्बेस्टॉस असतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते, अ‍ॅस्बेस्टॉसचा कुठलाही प्रकार कॅन्सर करतो. ६० हून जास्त देशांनी त्यावर बंदी घातली. आपल्याकडे तो बाहेरून येतो आणि गरिबाच्या डोक्यावर चढतो. तुमच्या घरावर असला तर कोरडा कापू नका, भोक पाडू नका, घासू नका. फुटला तर ओला करून उचला. पोरांना दूर ठेवा. हा सल्ला मोफत आहे.

मी गोदीत काम करतो. बोटीतून लोखंडी पत्र्याच्या गुंडाळ्या उतरतात. एकेक गुंडाळी कित्येक टनांची. आम्ही खाली साखळी लावतो, क्रेन उचलते. एका गुंडाळीत आमच्या अख्ख्या वस्तीचं छप्पर आहे. ती डोळ्यांसमोरून हवेत झुलत जाते. कुठे जाते? कारखान्याला, गोदामाला, मोटारीला. जायला हरकत नाही. पण हातातून एवढं लोखंड जाणाऱ्या माणसाच्या मायच्या घरावर दगड का, हा प्रश्न मला कवितेत विचारून पुरत नाही. म्हणून संपादकीयात विचारतो.

तालुक्यात पुढारी नव्हते असंही नाही. प्रतिभाताई पाटील १९६७ ते १९८५ एदलाबादच्या आमदार होत्या, २००७ ते २०१२ देशाच्या राष्ट्रपती झाल्या. एकनाथ खडसे इथूनच निवडून जात, २०१४ ते २०१६ राज्याचे महसूलमंत्री होते. पंचनामा करणारं खातं तेच. मी माणसांवर दोष टाकत नाही. मी एवढंच दाखवतो की एका तालुक्यातून राष्ट्रपती भवनापर्यंत रस्ता जातो आणि तोच रस्ता वस्तीच्या छपरापर्यंत येत नाही. माणसं मोठी झाली. निकष ४,००० चाच राहिला.

तेव्हा मागायचं काय ते स्पष्ट सांगतो.

एक. छप्पर गेलं म्हणजे घर गेलं. "अंशतः"च्या खोक्यात ते टाकायचं नाही. मदत ठोक रकमेने नको. खोली मोजा, लागणारे पत्रे, पाईप, स्क्रू, मजुरी मोजा, त्या वर्षीच्या दराने द्या.

दोन. दुरुस्तीसाठी वेगळा पैसा. इंदिरा आवास योजनेत १९९९ पासून कच्चं घर सुधारायला वेगळा वाटा होता. २०१६ च्या योजनेत तो नाही. तो परत आणा.

तीन. आपत्तीत घर गेलेल्याच्या पत्रा, पाईप, सिमेंटवरचा जीएसटी बिल दाखवल्यावर परत करा.

चार. मातीच्या भिंतीवरचा पत्रा कच्चा धरा. आणि त्याला चुन्याचा पांढरा हात तरी द्या. अहमदाबादने २०१३ पासून उन्हाचा आराखडा केला, गरिबांची छपरं पांढरी केली. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छपरांचं धोरण काढलं. जळगाव जिल्ह्यात ऊन कमी पडतं का?

आणि सरकार देईल तेव्हा देईल, आपण काय करायचं? शहरातल्या दोस्तांनो, हे तुम्हाला. तुमच्यातले बहुतेक जण गावच्या छपराला पैसे पाठवतात. नुसते पैसे पाठवू नका. एप्रिलमध्ये दोन दिवस गावी जा. टेप घ्या, मोबाईल घ्या. वस्तीतलं प्रत्येक घर मोजा. छप्पर शाबूत असतानाचा फोटो काढा, तारखेसकट. घरपट्टीची पावती आणि ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा काढून ठेवा. घर आज्याच्या नावावर असेल, आजा मेलेला असेल, तर नोंद आताच बदलून घ्या. वादळानंतर हे कागद मागतात आणि आपल्याकडे कागद नसतो, फक्त हंबरडा असतो. पंचनाम्याला तुमच्यातला एक जण हजर पाहिजे. त्यावर सही करण्याआधी वाचा. "अंशतः" दिसलं की हरकत लिहून द्या, पोच घ्या. बिल पक्कंच घ्या. आणि बाकी काही जमलं नाही तर एवढं करा. वर्गणी काढून स्क्रूचं एक खोकं आणि ड्रिल मशीन घेऊन जा, कडा आणि कोपरे पक्के करा, आणि प्रत्येक पत्र्यावरचा दगड खाली उतरवा.

उतरवलेले दगड टाकून देऊ नका. तहसीलीच्या दारात नेऊन एकेक मांडा. प्रत्येकावर घरमालकाचं नाव आणि मिळालेली रक्कम चुन्याने लिहा. फेकायचे नाहीत. नुसते मांडायचे. मोजदाद होऊ द्या.

जय भीम.